धवला, लाडा आणि भगताची रात्र

कचेरी म्हटलं की मराठी माणसाला मामलेदार आठवतो, सातबाराचा उतारा आठवतो, शिक्का आणि सही आठवते. तमिळनाडूत हाच शब्द गाण्याच्या मैफलीला लावतात. आणि कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरातल्या एखाद्या वयस्क सिंधी गृहस्थाला विचारलं, तर तो सांगेल की कचहरी म्हणजे संध्याकाळी चार माणसांनी जमून बसणं. तिथे ठरलेला विषय नसतो, सूत्रसंचालक नसतो. कोणी सूफी कवी शाह लतीफचा एखादा बैत, म्हणजे छोटं पद, म्हणतो, कोणी कोडं घालतो, कोणी मागे राहिलेल्या गावातल्या विहिरीची गोष्ट काढतो आणि गोष्टीच्या मध्येच कोणाला तरी सूर लागतो. किती रात्र झाली हे घरातून हाक आल्यावर कळतं.

पुढच्या पानांत अशाच जमून बसण्याची हकीगत आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरं मध्य रेल्वेच्या एकाच फाट्यावर एकापुढे एक आहेत. कल्याण सोडल्यापासून बदलापूर येईपर्यंत लोकलला अर्धा तासही लागत नाही. एवढ्या अंतरात सिंधी भगत आहे, आगऱ्यांचा धवला आहे, कोकणातून कारखान्यात आलेल्या माणसांची भजनं आणि शक्ती-तुरा आहे, आणि बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरचा नाच आहे. माणसं एकाच गाडीला लोंबकळून मुंबईला जातात, एकाच बाजारात भाजी घेतात. पण अंबरनाथच्या मराठी माणसाने भगत पाहिलेला नसतो, आणि उल्हासनगरात जन्म गेलेल्याला धवला हा शब्द ठाऊक नसतो. इतकं जवळ राहून एकमेकांच्या रात्री आपण पाहिल्या नाहीत याची खंत माझ्या मनात फार वर्षं आहे. प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं ते या खंतीपोटी.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. गाणी जपली म्हणजे बैठक जपली असं होत नाही. गाणं वहीत उतरवता येतं, फोनमध्ये साठवता येतं. पण ते कोणासमोर म्हटलं गेलं, पुढची ओळ कोणी उचलली, कोण रडलं, कोणाच्या नावाने मागणं मागितलं गेलं, हे त्या रात्रीबरोबर जातं. गाण्याचा अर्धा अर्थ त्या बसण्यात असतो.

सुरुवात उल्हासनगरपासून करतो, कारण तिथे ही गोष्ट सर्वांत ठसठशीत दिसते.

सिंधमधल्या खेड्यात जरा बऱ्या घराला लागून पाहुण्यांची एक खोली असे. तिला ओताक म्हणत. वाटसरू आला तर तिथे टेकायचा, गावची पुरुषमंडळी संध्याकाळी तिथेच जमायची. कचहरी भरायची ती या ओताकीत. 1947 ची फाळणी झाली, जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि सिंधी हिंदूंनी बोटी भरभरून मुंबई गाठली. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेल्या कल्याणजवळच्या छावणीत त्यांतल्या मोठ्या लोंढ्याला उतरवण्यात आलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. छावणीचे आकडे मात्र पुसले गेले नाहीत. कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच हे पत्ते आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत.

बराकी लांबच लांब होत्या. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये पोत्याचा नाहीतर चादरीचा पडदा. पलीकडच्याचं खोकणं ऐकू यायचं तिथे पाहुण्यांसाठी वेगळी खोली कुठून आणणार? ओताक सिंधमध्ये राहिली. कचहरी मात्र माणसांबरोबर आली आणि दोन बराकींमधल्या मोकळ्या जागेत खाटांवर बसली. माझी खात्री आहे की या शहरात दुकानं उभी राहायच्या आधी, शाळा सुरू व्हायच्या आधी या खाटा मांडल्या गेल्या असतील. ज्याचं सगळं गेलं आहे त्याला पहिल्यांदा ऐकणारं माणूस हवं असतं.

त्या खाटांवर मारुईची गोष्ट किती वेळा सांगितली गेली असेल याचा मी विचार करतो. मारुई मलीरची, गुरं-मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीतली मुलगी. उमरकोटचा राजा उमर सूमरो तिला पाणवठ्यावरून पळवून नेतो, महालात ठेवतो, रेशीम आणि दागिने पुढे करतो. ती अंगावरची जाडीभरडी लोई उतरवत नाही. केस विंचरत नाही, की महालातलं अन्न गोड मानून घेत नाही. तिला आपली माणसं हवी आहेत, आपला पाऊस हवा आहे, आपल्या माळावरचा पाला हवा आहे. शाह अब्दुल लतीफ भिटाई (1689–1752) यांनी आपल्या ‘शाह जो रिसालो’ या महाग्रंथात एक अख्खा सूर, म्हणजे प्रकरण, या मारुईला दिला आहे. सिंधी माणसाला ही कथा लहानपणापासून पाठ असते. पण छावणीत ती पहिल्यांदा स्वतःची झाली असणार. फरक एवढाच, की उमर शेवटी मारुईला सोडतो आणि ती घरी पोचते. ऐकणाऱ्यांना ती वाट उरली नव्हती.

गंमत म्हणून नव्हे, तर रीत म्हणून एक गोष्ट इथे सांगायला हवी. कचहरीत ऐकणारा नुसता ऐकत नाही. तो मध्येच दाद देतो, विसरलेला शब्द पुरवतो, एकाचा बैत संपला की त्याला जोडून आपला म्हणतो. वक्ता आणि श्रोता अशी वाटणी तिथे टिकतच नाही.

ही वाटणी जिथे थोडीफार टिकते आणि तरीही सगळं गाव ज्यात ओढलं जातं, ती कला म्हणजे भगत. भगत हा शब्द कलेचाही आणि कलावंताचाही. मराठी वाचकाला ओळख करून द्यायची तर मी म्हणेन, कीर्तन आणि गोंधळ यांच्या मधोमध भगताला बसवा. मोकळ्या चौकात माणसांचं कडं पडतं. मधोमध भगत उभा राहतो. अंगात पायघोळ घेरदार जामा, डोक्याला पगडी, पायांत घुंगरू. मागे ढोलक, पेटी आणि ओळ उचलणारे साथीदार. तो गातो, गाता गाता गिरक्या घेतो, मग एकदम थांबून गोष्ट पुढे नेतो. सिंधी प्रेमकथांतली ससुई पुन्हूच्या शोधात वाळवंट तुडवत निघालेली असते, सोहणी कच्च्या घड्यावर नदी पार करत असते, आणि भगत नेमका तिथे थांबून एखादा सूफी कलाम सुरू करतो. सूफी लतीफ, सचल सरमस्त आणि वेदान्ती सामी, हे तिघेही कवी त्याच्या गळ्यात एकत्र नांदतात. हिंदूच्या घरी लग्न असो की मुंज, जत्रा असो की संताची वरसी, म्हणजे पुण्यतिथी, भगताशिवाय सिंधमधला सोहळा पुरा होत नसे, आणि कड्यात मुसलमान शेजारीही बसलेले असत.

मधूनच कोणी उठून पैसे पुढे करतो. भगत गाणं थांबवतो, देणाऱ्याचं नाव घेतो आणि त्याच्या घरादारासाठी देवापाशी मागणं मागतो. या मागण्याला सिंधीत पल्लव म्हणतात. पल्लव म्हणजे पदर, पसरलेली झोळी. आपल्याकडेही पदराला पालव हा जुना शब्द आहे आणि पदर पसरणं म्हणजे काय हे कुठल्याही मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही. भगताचा पसरलेला पदर पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ही माणसं दुरून आलेली असली तरी परकी नाहीत.

भगतांमधलं सर्वांत मोठं नाव संत कंवरराम. जन्म 13 एप्रिल 1885, सक्कर जिल्ह्यातलं जरवार गाव. गुरू रहडकीचे संत सतरामदास. त्यांच्या गळ्याविषयी आख्यायिका अनेक आहेत. एका आईने आपलं गेलेलं तान्हं बाळ न सांगता त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी अंगाई गाताच ते रडू लागलं, ही त्यांतली सगळ्यांना माहीत असलेली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक आठवण निर्विवाद आहे. रात्रभर झोळीत पडलेले पैसे ते आंधळ्या-पांगळ्यांना, विधवांना, गरजूंना वाटून टाकत. 1 नोव्हेंबर 1939 रोजी रुक स्थानकावर गाडीत बसलेल्या कंवररामांना गोळ्या घालण्यात आल्या. फाळणीला अजून आठ वर्षं होती. पुढे काय होणार आहे याची पहिली चाहूल अनेक सिंधी घरांना त्या गोळ्यांत लागली. 2010 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. पण त्यांचं खरं स्मारक उल्हासनगरच्या दुकानांतल्या भिंतींवर आहे. सिंध्यांचा इष्टदेव झूलेलाल याच्या तसबिरीशेजारी पगडीतला हा माणूस दिसतो, आणि गल्ल्यावर बसण्याआधी मालक दोघांनाही हात जोडतो.

मी भगत पाहिला तो शाळकरी वयात, वडिलांच्या ओळखीच्या एका कापडवाल्या काकांच्या आग्रहावरून. बराकीपुढच्या जागेत सतरंज्या आणि चादरी टाकल्या होत्या. मला सिंधीचा एक शब्द कळत नव्हता. थोड्या वेळाने शेजारच्या काकू डोळे पुसताना दिसल्या. मी त्यांच्याकडे टक लावून पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मला जवळ ओढलं आणि हिंदी-मराठी मिसळून कानात सगळी गोष्ट सांगितली. भगत पुढे गेला की त्या थांबायच्या, तो गाऊ लागला की पुन्हा सांगायच्या. ती ससुईची गोष्ट होती हे मला कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचताना उमगलं. पण ती मला मिळाली ती त्या काकूंकडून, आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की या पोराला समजावून द्या.

छावणीच्या दिवसांनंतर कचहरी खाटेवरून सभागृहात गेली. त्यात प्राध्यापक राम पंजवाणी (1911–1987) यांचा वाटा मोठा. कादंबरीकार, अध्यापक, आणि तरी मातीचं मडकं पुढ्यात घेऊन त्यावर ताल धरत गाणारा हा माणूस. विखुरलेल्या सिंधी वस्त्यांत ते गायला जात. त्यांच्या जोडीला भगवंती नावाणींचा आवाज असे. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, त्यामागे अनेकांची खटपट आहे. पण स्वतःचं राज्य नसलेली भाषा जिवंत आहे हे लोकांना पटवून देण्याचं काम या मडक्याने केलं असं मी मानतो.

इथे जरा दूरचं उदाहरण घेतो. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या गेलिक बोलणाऱ्या लोकांत हिवाळ्याच्या रात्री कोणा एकाच्या घरी जमायची रीत होती. तिला केली म्हणतात. संस्कृतातल्या क्रीडा या अर्थाच्या केलीशी त्याचा संबंध नाही, उच्चार सारखा आहे इतकंच. शब्दाचा मूळ अर्थ भेट, सोबत. मध्ये जाळ, बायकांच्या हातात लोकरीचं काम. पहिली गोष्ट घरधन्याने सांगायची आणि पाहुण्याने उजाडेपर्यंत पुरवायच्या असा संकेत. आज केली म्हटलं की लोकांना सभागृहातला सामूहिक नाच आठवतो. तशी जाहीर, नाचाची केली पहिल्यांदा भरली ती 30 ऑक्टोबर 1897 रोजी, आणि ती आयर्लंडमध्ये भरली नाही, लंडनमध्ये भरली. गेलिक भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीगच्या लंडन शाखेने ती भरवली. घराकडची चूल दूर राहिलेल्या माणसांनी परक्या शहरात सभागृह भाड्याने घेतलं. ओताक गेली आणि खाट आली, खाटेची जागा सभागृहाने घेतली, हा उल्हासनगरचा प्रवास मला त्यामुळे एकट्याचा वाटत नाही.

आता आगरी गावांकडे वळतो, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

सिंधी माणसांचं गाव सुटलं. आगरी माणसाचं गाव सुटलं नाही. तो भाताच्या खाचरात होता तिथेच राहिला, आणि शहर येऊन त्याच्या चहूबाजूंनी बसलं. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासची कितीतरी गावं आज इमारतींच्या मध्ये सापडली आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला गाव कुठे सुरू होतं हेही कळत नाही. ते कळतं लग्नसराईत, हळदीच्या रात्री.

मांडव पडला की धवलारीण येते. गावच्या बोलीत धवलारीन. साधं लुगडं नेसलेली, वयाने पोक्त, लिहिता-वाचता न येणारीही असेल. पण लग्न लागतं ते तिच्या मुखाने. ती पुरोहित आहे. पूर्वी आगऱ्यांच्या घरी लग्नविधी तीच चालवत असे आणि अजूनही अनेक घरांत हळदीपासूनचे विधी तिच्याशिवाय हलत नाहीत. ती म्हणते ते धवले. सोबत एक-दोघी ओळ झेलणाऱ्या. वाद्य बहुधा नसतंच, नुसता गळा, संथ लय, एकच चाल पुन्हा पुन्हा फिरत राहणारी. धवल्यातून देवांना आवतण जातं. गावदेवीपासून दूरच्या क्षेत्रांतल्या देवांपर्यंत एकेकाचं नाव घेऊन बोलावलं जातं, मग पूर्वजांना, मग सोयऱ्यांना. हळद दळायची तर त्याचा धवला, लावायची तर त्याचा. विधी चालू आहे आणि बाजूला गाणं चालू आहे असं ते नाही. ओळ म्हटली गेली की विधी झाला.

हा शब्द फार जुना आहे. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो त्या महदंबेने तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंपुढे रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाची गाणी रचून म्हटली. त्या रचनेचं नाव ‘धवळे’. पाठ्यपुस्तकातून ते आपण शिकतो, परीक्षेत एका गुणाला लिहितो आणि विसरतो. त्याच जातीची गाणी त्याच नावाने बदलापूरजवळच्या मांडवात परवाच्या लग्नात म्हटली गेली, हे आपल्या विद्यापीठांना सांगावं लागतं. वारल्यांमध्येही लग्न लावणारी बाईच असते, ते तिला धवलेरी म्हणतात. ठाणे जिल्ह्याच्या भूमीत शेकडो वर्षं बायकांनी पौरोहित्य केलं आहे आणि ते गाऊन केलं आहे. स्त्रियांना मंत्राचा अधिकार आहे की नाही यावर पुण्या-मुंबईत वाद रंगत होते तेव्हाही ते चालूच होतं.

काही वर्षांपूर्वी बदलापूरच्या पुढच्या एका गावात हळदीला गेलो होतो. रस्त्यावर डीजेच्या भिंती उभ्या होत्या. पोरं बेभान नाचत होती, आणि नाचू द्यावं, वर्षभर राबतात. मांडवाच्या आत कोपऱ्यात धवलारीण आणि तिच्या दोन सोबतिणी बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आवाज ऐकायचा तर अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागत होतं. नवरदेवाची कॉलेजात जाणारी चुलत बहीण तशी बसली होती आणि फोनवर ध्वनिमुद्रण करत होती. बाहेरच्या दणदणाटात सगळं बुडालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या आजींकडे गेली आणि म्हणाली, आता शांत आहे, कालचं पुन्हा म्हणून दाखवा. आजींनी नकार दिला. चिडून नव्हे, मायेनेच सांगितलं. लग्न लागून गेलं, मांडवात हळद नाही, मग आता देवांना बोलवायचं कशाला? ते आले तर त्यांना काय सांगायचं?

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या आजींच्या लेखी धवला ही वस्तू नाही की पेटीतून काढून दाखवावी. ती कोणाला तरी घातलेली साद आहे. ज्याला बोलावलं तो येणार, हे गृहीत धरलेलं आहे. संकलन करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उत्तर समोर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

आणि इथेच मला पुन्हा उल्हासनगर आठवतं. सिंधी लग्नात बायका गातात ते लाडे. ढोलक मध्ये ठेवायची, तिच्याभोवती काक्या, मावश्या, आत्या बसायच्या. लाड्यातही घरच्यांची नावं गुंफली जातात, आणि नाव आलं की त्या बाईने उठून फेर धरायचा. ज्या आत्याचं नाव राहिलं ती दिवसभर रुसलेली असते. धवल्यात पूर्वजांचं नाव राहिलं तर धवलारीण थांबून पुन्हा मागून सुरू करते. दोन्हीकडे नाव घेणं हेच काम आहे. सिंधी लाडा खेळकर आहे, धवला गंभीर. लाडा कोणीही गावा, धवल्याला जाणतीच लागते. पण उल्हासनगरची एखादी आजी आणि बदलापूरची धवलारीण एका सतरंजीवर बसवल्या तर दोघींना दुभाषी फार वेळ लागणार नाही. या पुस्तकाच्या निमित्ताने तसं बसणं घडावं अशी माझी इच्छा आहे.

लग्नाबाहेरच्या जमण्यांपैकी चेटीचंडाबद्दल दोन शब्द. गुढीपाडव्याच्या पाठोपाठ चैत्रात झूलेलालचा हा सण येतो. बहराणा साहिबची मिरवणूक निघते, तबकात कणकेचा दिवा पेटलेला असतो, आणि शहनाई-ढोलाच्या तालावर पुरुष हातांत काठ्या घेऊन गोलात छेज खेळतात. उल्हासनगरच्या रस्त्यांवर हे अजून डोळे भरून पाहता येतं. तिथे प्रेक्षक म्हणून उभं राहणं अवघड जातं, कोणीतरी काठी हातात देतंच. अंबरनाथच्या चाळींतली कामगारांची भजनी मंडळं आणि शक्ती-तुऱ्याचे सामने हा मोठा विषय आहे, ठाकर-कातकऱ्यांचा नाच त्याहून मोठा. या पुस्तकात त्यांना थोडी जागा मिळाली आहे. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकं व्हायला हवीत आणि ती त्या वाड्यांतल्या मुलामुलींनी लिहायला हवीत.

या रात्री का ओसरत चालल्या आहेत? टीव्ही आणि फोन हे उत्तर तयार असतं, पण ते पुरत नाही. सिंधीपुरतं बोलायचं तर लिपीचा घोळ झाला. आजोबा अरबी वळणाच्या सिंधी लिपीत वाचत, नातवाला ती येत नाही. देवनागरी सिंधी शिकवावी की अरबी, या वादात एक पिढी इंग्रजी शाळेत गेली. आजोबांची बैतांची वही घरात आहे, आणि ती उघडून वाचणारं घरात कोणी नाही. मग उरतो तो फक्त कान, आणि कानाला बैठक लागते. आगऱ्यांकडे अडचण निराळी. जमिनीला भाव आला तशी हळद मोठी होत गेली, आणि ती जितकी मोठी झाली तितकी मांडवातली बाई कोपऱ्यात सरकली. अनेक गावांत समाजाच्या जाणत्या मंडळींनीच हळदीच्या खर्चाविरुद्ध आवाज उठवला आहे. त्यांना माझं सांगणं आहे की खर्च कमी करताना धवला कमी करू नका. त्याला खर्च नसतोच.

कायद्याचाही एक भाग आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक आणि वाद्यं वाजवता येत नाहीत. भगताची उघड्या चौकातली पहाटेपर्यंतची रात्र त्यामुळे जवळपास संपली, आणि रुग्णांच्या, परीक्षेला बसलेल्या मुलांच्या बाजूने पाहिलं तर या नियमाला मी विरोध करणार नाही. पण चार भिंतींच्या आत नुसत्या गळ्यावर चालणारी कचहरी आणि वाद्याविना म्हटला जाणारा धवला यांना तो नियम आड येत नाही. जे सर्वांत जुनं आहे ते आजच्या शहरातही बसू शकतं. इमारतीची गच्ची आहे, सोसायटीचं कार्यालय आहे, नाहीतर कोणाचाही दिवाणखाना आहे.

ध्वनिमुद्रणाविरुद्ध मी बोलतोय असा समज होऊ नये. एडिंबरा विद्यापीठात 1951 मध्ये स्कॉटिश अभ्यासाचं केंद्र उघडलं आणि तिथल्या माणसांनी टेपरेकॉर्डर घेऊन खेडोपाडी जाऊन हजारो गाणी-गोष्टी मुद्रित केल्या. पण त्याच साली लोकगीतांचे संकलक हॅमिश हेंडरसन यांनी शहरात एक जाहीर ‘केली’ भरवून खेड्यातल्या त्या गायकांना माणसांपुढे बसवलं. टेप आणि बैठक त्यांनी बरोबर चालवली. आपल्याकडे टेप तेवढी उचलली गेली. या संग्रहातल्या प्रत्येक गाण्याखाली ते कुठल्या प्रसंगी म्हटलं जातं, कोणी कोणाला म्हणायचं, कधी म्हणायचं नाही, हे नोंदवलं आहे. गाण्यांपेक्षा या नोंदी मला मोलाच्या वाटतात. काही पानांवर फक्त नोंद आहे आणि गाणं नाही. ते म्हणणाऱ्या बाईंनी छापायला परवानगी दिली नाही, आणि संकलकांनी ती मानली. याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात, चाळीत, मजल्यावर लाडे येणाऱ्या आजी असतील, धवले जाणणारी एखादी मावशी असेल, बैत पाठ असलेले आजोबा असतील, तर त्यांच्यापुढे फोन धरण्याआधी चार माणसं बोलवा. चहा टाका. मध्ये बसायला त्यांना जागा द्या. हे पुस्तक जवळ ठेवा, पण उघडू नका. त्यांनी म्हटलेलं काही तुम्हाला कळलं नाही, तर शेजारी बसलेल्याला विचारा. आणि तुमच्या शेजारी एखादं न कळणारं मूल बसलं असेल, तर त्याच्या कानात गोष्ट सांगा.